विजेच्या तारेतून इंटरनेट : फ्लॅटमध्ये किती भरवशाचं?

फायबरची तार घरात शिरते ती बहुतेक मुख्य दरवाजाशेजारून. पॅसेजमधल्या डक्टमधून वर चढवलेली ती बारीक केबल चौकटीजवळ भोक पाडून आत घेतात आणि हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला राउटर लागतो. खरं काम मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला चालतं. मागच्या बेडरूममध्ये कोणी दिवसभर ऑफिसचे कॉल घेतं, कोणी ऑनलाइन परीक्षा देतं, आजी-आजोबा संध्याकाळी परदेशातल्या नातवंडांशी बोलतात. मध्ये दोन-तीन भिंती, एक बाथरूम, एखादं लोखंडी कपाट. तिथे पोचेपर्यंत वाय-फायची एकच दांडी उरते. मग कुणीतरी सुचवतं, पॉवरलाइन ॲडॅप्टर लावून बघा. दोन छोट्या डब्या मिळतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि राउटरला जोडायची, दुसरी मागच्या खोलीत लावायची. दोघींमधली केबल म्हणजे भिंतीतली विजेची वायर. नवी तार ओढणं नाही, भिंत फोडणं नाही.

या उपकरणाविषयी दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं लावलं आणि पाच मिनिटांत चालू झालं, कुणी म्हणतं पैसे वाया गेले. दोघंही खरं सांगत असतात. डबी तीच असते, तिच्यामागची वायर वेगळी असते. स्वतंत्र घरात ती वायर निदान एका कुटुंबाची असते. सोसायटीच्या इमारतीत ती मीटर रूममध्ये जाऊन दहा-वीस घरांच्या वायरींना मिळते. म्हणून फ्लॅटमध्ये हे उपकरण घ्यावं का, याचं उत्तर खोक्यावरच्या आकड्यात सापडत नाही. आपल्या पॉइंटना कोणता फेज आहे, त्या वायरीवर आणखी काय काय लावलंय आणि शेजारी काय वापरतात, यांत ते सापडतं. माझं मत आधीच सांगतो : अडलेल्या एका खोलीसाठी ही सोय उपयोगाची आहे, पण घराचं सगळं नेटवर्क तिच्यावर उभारू नये.

विजेच्या तारेवरून संदेश पाठवणं ही काही आजची गोष्ट नाही. उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून दोन उपकेंद्रांमधलं टेलिफोन संभाषण चालवायला शंभर वर्षांपूर्वीच सुरुवात झाली. आपल्याकडच्या पारेषण उपकेंद्रांतही ही पद्धत वर्षानुवर्षं वापरात आहे, पीएलसीसी या नावाने ती तिथल्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असते. मोठ्या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरून नीट पाहिलं तर येणाऱ्या वाहिनीवर एक जाड दंडगोल वेटोळं टांगलेलं किंवा खांबावर बसवलेलं दिसतं. तो वेव्ह ट्रॅप. ५० हर्ट्झची वीज त्यातून विनासायास जाते, पण तिच्यावर स्वार झालेला उच्च वारंवारतेचा संदेश तिथेच अडतो आणि उपकेंद्राच्या बसबारवर सांडत नाही. घरातल्या पॉवरलाइनबद्दल विचार करताना मला हे वेटोळं फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी ही विद्या उभी केली त्यांनी संदेशाला वाट देतानाच कुंपणही घातलं होतं. घरगुती ॲडॅप्टरमध्ये वाट आहे, कुंपण नाही.

तत्त्व तेच आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. ॲडॅप्टर त्याच तारेवर २० लाख ते काही कोटी हेलकाव्यांचा, म्हणजे २ मेगाहर्ट्झपासून पुढचा, अगदी क्षीण संदेश चढवतो. दुसऱ्या टोकाचा ॲडॅप्टर ५० हर्ट्झ गाळून टाकतो आणि वरचं वाचतो. २००० साली काही कंपन्यांनी मिळून होमप्लग ही संघटना स्थापन केली. २००१ मध्ये आलेलं तिचं पहिलं मानक १४ मेगाबिटचं होतं. २००५ च्या होमप्लग एव्हीने तो आकडा २०० वर नेला. २०१२ च्या एव्ही-२ ने वापराचा पट्टा २८ वरून ८६ मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आणि फेज, न्यूट्रल, अर्थ या तिन्ही तारा एकदम कामाला लावल्या. २०१० मध्ये आयईईईचं १९०१ हे मानकही आलं. दरम्यान आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी-डॉट-एचएन नावाचं वेगळंच घराणं सुरू केलं. २०१६ मध्ये होमप्लग संघटनेने आपलं काम संपल्याचं सांगून दुकान आवरलं. या क्षेत्रातली जर्मनीतली जुनी कंपनी देवोलो २०१८ मध्ये आपल्या नव्या मालिकेसाठी जी-डॉट-एचएनकडे वळली. ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ एवढाच की ही दोन घराणी एकमेकांशी बोलत नाहीत. भावाने जर्मनीहून आणलेली एक डबी आणि इथे घेतलेली दुसरी जुळेलच असं नाही. घ्यायची तर जोडीच घ्यावी.

आता खोक्यावरचा आकडा. ६००, १०००, १२००, २००० असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. हा आकडा म्हणजे आदर्श तारेवर दोन ॲडॅप्टरमध्ये होणारी कच्ची देवाणघेवाण. त्यात चुका सुधारण्यासाठी जोडलेली भर, आपापसातल्या वेळेच्या वाटपाची बोलणी, सगळं मोजलेलं असतं. शिवाय तार एकच, त्यामुळे एका वेळी एकच बाजू बोलते. जाणं आणि येणं यांची बेरीज त्या एका आकड्यात असते. प्रत्यक्ष घरात हाती लागतो तो त्याचा एखादा लहान हिस्सा. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की ६०० छापलेल्या कित्येक स्वस्त ॲडॅप्टरना लॅन पोर्ट मात्र १०० मेगाबिटचाच असतो. आतल्या तारेने कितीही साथ दिली तरी त्या दारातून शंभराच्या आतच बाहेर पडणार. हे खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. खरेदीच्या वेळी पुढचा मोठा आकडा सोडून आधी हे बघावं. लॅन पोर्ट गिगाबिट असेल तरच पुढच्या आकड्याचा विचार करण्यात अर्थ आहे.

एव्ही-२ ची तिसऱ्या तारेची करामतही आपल्याकडे दरवेळी मिळत नाही. ती अर्थच्या तारेवर अवलंबून असते. जुन्या इमारतींत आणि चाळींत पॉइंटला तीन भोकं असली तरी मागे अर्थिंग जोडलेलं असेलच, याची खात्री वायरमनही देत नाही. दोन पिनांच्या ॲडॅप्टरला तर अर्थ मिळण्याचा प्रश्नच नाही. युरोपीय किंवा ब्रिटिश पिनांची डबी कन्व्हर्टर लावून आपल्या सॉकेटमध्ये बसवली तर बहुधा ती सैल बसते. सैल संपर्क संदेशाला मारक ठरतोच, शिवाय तो तापतोही.

भिंतीत काय घडतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. विजेची वायर अशा वारंवारतांसाठी बनवलेली नसते. डेटा केबलमध्ये ठरावीक पीळ दिलेल्या जोड्या असतात, दोन्ही टोकांना नेमका रोध असतो, मध्ये फाटे नसतात. विजेच्या वायरिंगमध्ये जिकडेतिकडे फाटेच. प्रत्येक स्विचबोर्डकडे उतरणारी, प्रत्येक दिव्याकडे जाणारी तार म्हणजे एक फाटा. ३० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पीव्हीसी वेष्टनाच्या तारेत साधारण सहा-सात मीटर भरते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे दीडेक मीटरचा, टोकाला उघडा राहिलेला फाटा त्या वारंवारतेला जोडाच्या जागी जवळजवळ शॉर्ट करतो. संदेश तिथून पुढे सरकत नाही. दिव्याचं बटण बंद असलं तरी बटणापर्यंतची तार तिथे असतेच. बटण चालू केलं की फाट्याची लांबी बदलते आणि वेगळीच वारंवारता गिळली जाते. त्यामुळे एका खोलीतला दिवा लावल्यावर दुसऱ्या खोलीतला वेग बदलला, असं कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नये.

यावरचा तोडगा मोठा देखणा आहे. होमप्लग एव्ही आपला २ ते २८ मेगाहर्ट्झचा पट्टा ११५५ बारीक वाहकांत चिरतं, त्यातून हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेले भाग वगळून अमेरिकेत ९१७ वापरतं आणि प्रत्येक वाहकावर किती बिट लादायचे ते वेगवेगळं ठरवतं. जिथे तार साफ आहे तिथे दहा, जिथे गोंगाट आहे तिथे एक, जिथे खड्डा आहे तिथे शून्य. विजेच्या हेलकाव्याबरोबर गोंगाट सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो, म्हणून त्या हेलकाव्याच्या वेगवेगळ्या भागांसाठी हे वाटप पुन्हा वेगळं धरतं. इतक्या वाईट माध्यमातून इतकं काढणं हे अभियांत्रिकीचं खरोखर मोठं काम आहे. पण तार वाईट असेल तर हुशारीलाही मर्यादा पडते.

गोंगाट करणारी मंडळी घरातच असतात. मिक्सरच्या मोटारीतले कार्बन ब्रश ठिणग्या उडवतात आणि ठिणगी म्हणजे सगळ्या वारंवारतांवर एकदम झालेला आवाज. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे नाव नसलेले चार्जर, काही प्रकारचे पंख्याचे रेग्युलेटर हे त्यांचे भाऊबंद. चार्जर दोन प्रकारे नुकसान करतो. स्वस्त असेल तर स्वतः आवाज करतो, आणि चांगल्या बनावटीचा असेल तर त्यात आवाज दाबण्यासाठी जो कपॅसिटर असतो तो ॲडॅप्टरचा संदेशही शोषून घेतो. त्यामुळे एकाच बोर्डवर ॲडॅप्टर आणि त्याच्या शेजारी लॅपटॉपचा चार्जर ही मांडणी टाळावी. स्पाइक गार्डमध्ये ॲडॅप्टर कधीही लावू नये. फिल्टर असलेला स्पाइक गार्ड नेमकं हेच करण्यासाठी बनवलेला असतो : ५० हर्ट्झखेरीज जे काही येईल ते अडवायचं. ॲडॅप्टर थेट भिंतीतल्या पॉइंटला, आणि बाकीचं सगळं स्पाइक गार्डवर, हा क्रम हवा. ॲडॅप्टरलाच वर सॉकेट दिलेलं मॉडेल असेल तर स्पाइक गार्ड त्या सॉकेटमध्ये लावावा. त्या सॉकेटला आतून फिल्टर असतो, मग बाकीच्यांचा गोंगाट ॲडॅप्टरपर्यंत पोचत नाही.

संदेशाची वाट बहुतेकदा डिस्ट्रिब्युशन बोर्डातून, म्हणजे डीबीतून जाते. हॉलचा पॉइंट एका एमसीबीवर, बेडरूमचा दुसऱ्या. एमसीबी थोडं खातो, पण वाट देतो. आरसीसीबीच्या, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या, आतल्या वेटोळ्यात त्याहून जास्त जातं. डीबीत एकच आरसीसीबी असून सगळे एमसीबी त्याच्या पुढे असतील तर घरातल्या घरात संदेशाला तो ओलांडावा लागत नाही. दोन वेगळे आरसीसीबी असतील तर मात्र दोनदा ओलांडावा लागतो. खरी अडचण थ्री फेज घरांत येते. तीन-चार एसी असलेल्या मोठ्या फ्लॅटला तिन्ही फेज येतात, आणि वायरमन भार वाटताना हॉल एका फेजवर, मागच्या खोल्या दुसऱ्यावर टाकतो. मग दोन ॲडॅप्टरमध्ये तांब्याची सलग तार अशी फक्त न्यूट्रलची, आणि असेल तर अर्थची, उरते. तरीही काही वेळा जोडणी होते, कारण एकाच पाइपमधून शेजारी शेजारी जाणाऱ्या तारांमधून संदेश एकीवरून दुसरीवर झिरपतो. पण अशी झिरपलेली जोडणी अशक्त असते. डीबीचं झाकण उघडून कोणता एमसीबी कोणत्या फेजवर आहे ते वायरमनकडून एकदा लिहून घ्यावं. एखादी खोली दुसऱ्या फेजवर हलवता येते, किंवा फेज जोडणारा खास कपलर बसवता येतो, पण ही दोन्ही कामं परवानाधारक वायरमनची आहेत. यात हौसेने हात घालू नये.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक पात्र असतं : इन्व्हर्टर. भारनियमनाच्या काळात घरोघर आलेला हा डबा आजही कित्येक घरांत आहे, आणि त्याच्यासाठी दिवे-पंखे आणि एखादा पॉइंट यांची तार वेगळी काढलेली असते. ॲडॅप्टरची एक डबी इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि दुसरी साध्या पॉइंटवर असेल तर संदेशाला इन्व्हर्टरमधून वाट काढावी लागते. तिथे बराचसा गळतो. वीज गेल्यावरचा प्रश्न तर कुठल्याच परदेशी पुस्तिकेत लिहिलेला नसतो. राउटरसाठी आपण बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घेतो, वीज गेली तरी वाय-फाय चालू राहतं. ॲडॅप्टरला तो यूपीएस उपयोगाचा नाही. त्याला भिंतीतलीच वीज लागते. दोन्ही डब्या इन्व्हर्टरच्या तारेवर असतील तर काही आशा आहे, तीही इन्व्हर्टरची लहर शुद्ध असेल तर. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर स्वतःच मोठा गोंगाट करतो. ज्या गावात रोज तास-दोन तास वीज जाते तिथे परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी पॉवरलाइनवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

आता घराबाहेर पडू. जुन्या सोसायट्यांत मीटर रूम तळमजल्यावर असते. प्रत्येक फ्लॅटची तार आपल्या मीटरपासून निघून जिन्याशेजारच्या डक्टमधून वर जाते. सातव्या मजल्यावरून आपला संदेश निघाला तर तो पंचवीस-तीस मीटर खाली येऊन बसबारवर पोचतो आणि तितकाच वर चढून शेजाऱ्याकडे जातो. मीटर काही वेव्ह ट्रॅप नव्हे, संदेश अडवायला तो बनवलेलाच नसतो. तरी या लांबीत बरीच शक्ती खर्ची पडते. पण डक्टमध्ये या सगळ्या तारा जुडीने बांधलेल्या असतात आणि मजल्यामागून मजला एकमेकींना चिकटून चालतात. मीटर रूमपर्यंत जायचीही गरज पडत नाही, वाटेतच संदेश उडी मारतो. नव्या टॉवरमध्ये तळापासून वरपर्यंत बसबारचा रायझर असतो आणि काही ठिकाणी मीटरही त्या त्या मजल्यावर असतात. तिथे शेजाऱ्याचा डीबी आपल्या डीबीपासून तारेच्या हिशेबाने जेमतेम पंधरा-वीस मीटरवर येतो. घरातल्या मागच्या बेडरूमइतकाच जवळ.

याचे दोन परिणाम. पहिला वेगाचा. सोसायटीत फ्लॅट आर, वाय, बी अशा तीन फेजवर वाटलेले असतात, त्यामुळे सगळेच शेजारी त्रास देत नाहीत. पण आपल्या फेजवरच्या दुसऱ्या कुणाकडेही ॲडॅप्टर असेल तर तार दोघांत वाटली जाते. एकाच घराण्यातली उपकरणं एकमेकांना ओळखून वेळ वाटून घेतात, म्हणजे वेग कमी होतो पण भांडण होत नाही. एकाकडे होमप्लग आणि दुसऱ्याकडे जी-डॉट-एचएन असेल तर सहअस्तित्वासाठी मानकांत तरतूद आहे. स्वस्त उपकरणात ती प्रत्यक्ष चालू असेलच असं नाही, आणि मग दोघांनाही दुसरा म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो. संध्याकाळी आठ-दहाच्या सुमारास सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, एसी चालू असताना वेग पडतो तो याच कारणांनी. दुपारी तपासून खूश होऊन चालत नाही.

दुसरा परिणाम खाजगीपणाचा आहे, आणि याबाबत लोक फार बेफिकीर असतात. आपला संदेश शेजाऱ्याच्या सॉकेटपर्यंत पोचतो हे गृहीत धरूनच वागलं पाहिजे. जुन्या होमप्लगमध्ये ५६ बिटचं डीईएस कूटलेखन होतं, आज ते कुचकामी आहे. एव्हीपासून १२८ बिटचं एईएस आलं, ते भक्कम आहे. पण कुलूप कितीही भक्कम असलं तरी किल्ली बदललेली हवी. बरेच ॲडॅप्टर कारखान्यातून एकाच ठरलेल्या नावाने आणि एकाच ठरलेल्या पासवर्डने बाहेर पडतात, म्हणजे खोक्यातून काढून सॉकेटमध्ये लावले की काही न करता एकमेकांना सापडावेत. शेजाऱ्यानेही तसेच लावले असतील तर तेही सापडतात. मग कुणाचा प्रिंटर कुणाच्या यादीत दिसतो, कुणाचा टीव्ही कुणाच्या राउटरवरून चालतो. उपाय अगदी सोपा आहे. प्रत्येक ॲडॅप्टरवर जोडणीचं बटण असतं. एकावर दाबायचं, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावर दाबायचं, की दोघं मिळून नवीन किल्ली ठरवतात. ॲडॅप्टर लावलेल्या पहिल्याच दिवशी हे करावं. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेली डबी वापरायची असेल तर आधी रीसेट करावी. कंपनीच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. तिच्यात आपल्या नसलेल्या डबीचं नाव आलं तर किल्ली अजून बदललेली नाही असं समजावं.

कुंपणाचा विचार करणाऱ्यांसाठी मीटरनंतर डीबीत बसवायचे रोधक फिल्टर मिळतात. ते आपला संदेश बाहेर जाऊ देत नाहीत आणि बाहेरचा आत येऊ देत नाहीत. वेव्ह ट्रॅपचंच घरगुती भावंड. युरोपात ते वापरले जातात, आपल्याकडे दुकानात सहज दिसत नाहीत. सोसायटीत तीन-चार घरं पॉवरलाइन वापरत असतील तर असे फिल्टर मागवण्याचा विचार कमिटीत जरूर मांडावा.

हीच कल्पना शहराच्या पातळीवर आणायचाही प्रयत्न झाला होता. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅनासस या छोट्या शहराने वीजतारांवरून घरोघर ब्रॉडबँड देण्याची सेवा सुरू केली, देशभर तिची चर्चा झाली, आणि २०१० मध्ये ती बंद पडली. उघड्यावरची तार ॲंटेनासारखी वागते आणि शॉर्टवेव्ह रेडिओवर खरखर उठते, अशी हौशी रेडिओवाल्यांची तक्रार सुरुवातीपासून होती. पण त्याहून मोठं कारण म्हणजे फायबर, केबल आणि मोबाइल यांच्या वेगापुढे ती टिकली नाही. वीजतारेवरचं संदेशवहन जिथे टिकलं ते मंद गतीच्या कामांत. इटली आणि फ्रान्समधले वीज मीटर आपलं वाचन तारेवरूनच पाठवतात, तेही दीडशे किलोहर्ट्झच्या आतल्या किंवा जवळपासच्या संथ पट्ट्यात. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावल्यावर गाडी आणि चार्जर यांच्यात जे बोलणं होतं त्यातही अनेक गाड्यांत होमप्लगचाच एक हलका अवतार वापरला जातो. थोडी माहिती, पण खात्रीने पोचणारी, हे या माध्यमाचं खरं बलस्थान. घरातही तेच लागू पडतं. व्हिडिओ कॉलला तीन-चार मेगाबिट पुरतात. मागच्या खोलीत वीस-तीस मेगाबिट न तुटता मिळाले तर त्या खोलीचं काम भागतं. गिगाबिटच्या प्लॅनचा पूर्ण वेग तिथे न्यायचा असेल तर हे साधन त्यासाठी नाही.

पर्याय कोणते? मेश वाय-फाय सगळ्यात लोकप्रिय, आणि विटांच्या भिंती असलेल्या घरात ते पॉवरलाइनपेक्षा बहुधा सरस ठरतं. पण मुंबई, ठाणे, पुण्यातले गेल्या काही वर्षांतले अनेक टॉवर मायव्हान पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतून बांधलेले आहेत. त्यांत आतल्या भिंतीही लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या असतात. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय अशा दोन भिंतींनंतर थकतं, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच असल्याने टॉवरमध्ये तिथे नुसती गर्दी असते. या भिंती बिल्डर फोडूही देत नाही, आणि देऊ नयेच, कारण त्या भार पेलतात. पॉवरलाइनला सगळ्यात जास्त न्याय मिळतो तो अशाच घरांत. वायरिंग नवीन, तांब्याचं, अर्थिंगसह असतं आणि दुसरा मार्ग अवघड असतो.

टीव्हीच्या कोॲक्स केबलवरून नेटवर्क नेण्याची मोका नावाची पद्धत अमेरिकेत चांगली चालते. आपल्याकडे त्या केबलवर डिशचा संदेश येत असेल तर दोघांच्या वारंवारता एकमेकींवर पडतात, म्हणून ती केबल रिकामी असेल तरच हा मार्ग.

माझी पहिली पसंती मात्र साध्या लॅन केबललाच आहे आणि ती देताना मला अजिबात संकोच वाटत नाही. कॅट-६ ची चपटी केबल स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या चौकटीला वळसा घालून नेली तर दिसतही नाही. तेही नको असेल तर कडक वळण सहन करणारी बारीक फायबर येते. जी-६५७ मानकातले काही प्रकार साडेसात मिलिमीटर त्रिज्येचा वळसा सहज घेतात. भिंतीच्या कोपऱ्यात चिकटवली की रंगात मिसळून जाते. आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक वाट घरातच असते : टेलिफोनच्या पॉइंटची पाइप. लँडलाइनच्या काळात बांधलेल्या इमारतींत हॉलपासून बेडरूमपर्यंत टेलिफोनसाठी वेगळी पाइप टाकलेली असते, आणि लँडलाइन गेल्यापासून तिच्यात एक मृत तार पडून आहे. त्या तारेच्या टोकाला नवी केबल बांधून ओढली की अर्ध्या तासात काम होतं. पाइप मध्येच चेपलेली किंवा सिमेंटने भरलेली निघाली तर नशीब. विजेच्या पाइपमधूनच लॅन केबल ओढून देतो असं एखादा वायरमन सुचवतो, त्याला ठाम नकार द्यावा. २३० व्होल्टच्या तारेचं वेष्टन सोललं तर तो दाब थेट लॅपटॉपपर्यंत आणि लॅपटॉपवर ठेवलेल्या हातापर्यंत पोचतो.

तरीही पॉवरलाइनच घ्यायचं ठरलं तर परत करण्याची मुदत असलेल्या दुकानातून घ्यावं, किंवा ओळखीच्यांकडून जोडी उसनी आणून बघावी. आधी दोन्ही डब्या एकाच खोलीतल्या दोन पॉइंटना लावून वेग मोजावा. हा त्या जोडीचा कमाल वेग. मग एक डबी मागच्या खोलीत न्यावी. मोजताना इंटरनेटची स्पीड टेस्ट करू नये, तिच्यात बाहेरच्या सगळ्या गोष्टी मिसळतात. दोन लॅपटॉप दोन टोकांना केबलने जोडून आयपर्फसारख्या फुकट प्रोग्रॅमने मधला वेग मोजावा, आणि राउटरला अखंड पिंग लावून आकडे किती उसळतात ते बघावं. सरासरी वेगापेक्षा हे उसळणं कॉल तोडतं. मग मिक्सर लावा, वॉशिंग मशीन लावा, एसी चालू करा, संध्याकाळी नऊ वाजता पुन्हा मोजा. त्याच खोलीतला दुसरा पॉइंटही तपासा, कारण चार फुटांवरचा पॉइंट वेगळ्या एमसीबीवर असू शकतो आणि निकाल पूर्ण पालटतो. रात्री नऊ वाजताही आकडा हलला नाही तर निर्धास्त ठेवावं.

नव्या इमारतींसाठी आता थोडी आशा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत संदेशवहनाच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी वेगळा विभाग आहे, आणि दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम काढले. फ्लॅट बुक करताना बिल्डरकडून विजेच्या नकाशाबरोबर डेटाच्या पाइपचा नकाशाही मागावा : राउटरच्या जागेपासून प्रत्येक खोलीत एक स्वतंत्र पाइप आहे का, एवढंच विचारावं. जुन्या सोसायट्यांना ही संधी वायरिंग बदलताना मिळते. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींत आता ॲल्युमिनियमच्या तारा काढून तांब्याच्या घातल्या जात आहेत, डक्ट उघडले जात आहेत, घराघरांत केसिंग-कॅपिंग नव्याने बसतं आहे. त्याच वेळी विजेच्या पाइपपासून अंतर राखून पंचवीस मिलिमीटरची एक रिकामी पाइप टाकून घ्यावी आणि तिच्यात ओढतार सोडून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी. एकूण कामाच्या खर्चात तिचा वाटा नगण्य असतो, आणि पुढची केबल कुठलीही आली तरी ती त्याच पाइपमधून जाते.